पांढरीचा मुक्काम

हिंगणमाळ तालुक्यात कुणाचं घर व्हायचं आणि कुणाचं नाही हे माती स्वतः ठरवते, त्यामुळे मल्लिनाथ फुलारी यांनी आपल्या सव्वा गुंठ्यात मातीचं घर बांधायचा अर्ज दिला, तेव्हा रीतीप्रमाणे आधी माती त्यांच्याकडे आठ दिवस राहायला आली.

सकाळी नऊ वाजता तालुका कचेरीचा टेम्पो दुकानासमोर उभा राहिला. पाच घमेली उतरली, प्रत्येकावर ओलं गोणपाट. मागून संमती कारकून तांबोळी भाऊसाहेब उतरले.

"पाहुण्यांना कुठं बसवायचं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"आत. खिडकीजवळ पाट मांडलेत," मल्लिनाथ म्हणाले.

"खिडकीजवळ नको," पहिल्या घमेल्यातली माती म्हणाली. "ऊन लागतं."

पाट हलवले. भाऊसाहेबांनी पोच घेतली, पाणी प्यायले आणि नवव्या दिवशी येतो म्हणून गेले.

ह्या पाच घमेल्यांना तालुक्यात वानगी म्हणतात. बाजारात वानगी म्हणजे मूठभर माल, जो गिऱ्हाईक चोळून, हुंगून बघतं. इथं वानगीच गिऱ्हाईकाला चोळून बघते, एवढाच काय तो फरक. काळ्या रानाची माती ह्या भानगडीत पडत नाही. तिला पिकातून सवड नसते. घर होते ती पांढरी, जुन्या गावठाणाखालच्या खाणीतली. ती आठ दिवस माणसांत राहते, आपल्याला कुणाला आणि काय काय सांभाळावं लागणार ते बघते, आणि तेवढ्याच भिंतींना होकार देते. तालुक्यात ह्याच्या पुष्कळ गोष्टी आहेत. भोजलिंग पैलवानाचं घोरणं ऐकून मातीनं मागितल्याच्या दुप्पट जाडीच्या भिंती दिल्या होत्या. आता आतून खोली देव्हाऱ्याएवढी आहे, पण शेजारी सुखात आहेत. एका मास्तरांनी मुक्कामात सहज म्हटलं, "सध्यापुरतं बांधू, पुढं बदली झाली की विकू." माती त्याच संध्याकाळी घमेल्यासकट परत गेली.

मल्लिनाथांना होकार मिळवणं भाग होतं. बावीस वर्षं ते, बायको गिरिजा आणि आत्या चंद्राक्का असे तिघं जण केरसुण्या, सुपं आणि काथ्याचे दोर विकायच्या दुकानामागं एका खोलीत राहत होते. जागामालक पाडव्यानंतर ती इमारत पाडणार होता. विटा-सिमेंटाचा अंदाज काढला तर जवळचा पैसा खिडकीच्या उंचीपर्यंत पोचत होता; वर आभाळ. मातीचं काम मात्र बसत होतं, कारण मातीनं होकार दिला की ती फुकट येते. पैसा लागतो तो कौलं, दार आणि रेवण गवंड्याला. पण मातीचा एक थर हातभर उंच, तो वाळायला दहा दिवस, आणि असे सात थर. संक्रांतीच्या आत होकार आला तरच पाडव्याला डोक्यावर कौलं.

मल्लिनाथ तिसरीपर्यंत शिकले होते. पुढचं शिक्षण पोत्यावर झालं. पोत्यानं त्यांना पहिला धडा दिला तो हा, की चांगला माल तोंडाशी ठेवावा. वानगी यायच्या आधीच त्यांनी घर ह्या हिशेबानं लावलं.

"आठ दिवस आवाज चढवायचा नाही," त्यांनी गिरिजाबाईंना सांगितलं. "भांडं आपटायचं नाही. मला 'अहो ऐकताय का' म्हणायचं, 'कान फुटले का' म्हणायचं नाही."

"राहतो तसं राहू की," गिरिजाबाई म्हणाल्या. "उद्या तिच्यातच राहायचंय."

"गिऱ्हाईक आलं की सुपावरची धूळ झटकतो का नाही आपण?"

"मातीसमोर धूळ झटकणार तुम्ही," गिरिजाबाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

राहिल्या चंद्राक्का. वय ऐंशीच्या आसपास, कानानं मंद, त्यामुळे बोलणं दोन गल्ल्या ओलांडून जाणारं. रेडिओ त्याहून मोठा आणि घोरणं रेडिओच्या तोडीचं. मल्लिनाथांनी त्यांना कुंभारीला चुलत पुतणीकडं बारसं आहे असं सांगून एसटीत बसवून दिलं. पोत्याच्या तोंडाशी ठेवण्यासारखा तो माल नव्हता.

आठ दिवस घर असं चाललं, की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं आत कुणी आजारी आहे. मल्लिनाथ बायकोला "आपण जेवलात का" म्हणत. सकाळ-संध्याकाळ मातीला हिरडा आणि गुळाचं पाणी शिंपडत. मातीच्या घरात हेच चहापान. माती फार बोलत नसे. कधी मधेच विचारी.

"भांडण कशावरून होतं, शेठ?"

"आमच्यात? माय, बावीस वर्षांत ब्र नाही."

"रात्री कोण खोकतं?"

"कुणी नाही."

"रडायचं झालं तर कुठं रडता?"

हा प्रश्न गिरिजाबाईंना होता. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "वेळच येत नाही." माती "बरं" म्हणाली.

मल्लिनाथांच्या अंगात मात्र वारं शिरलं होतं. दुकान उघडायच्या आधी ते जागेवर जात. स्वतःच्याच दुकानातला दोर ताणून त्यांनी खोल्या आखल्या, त्यावर फक्कीच्या रेघा मारल्या. मग रेघेवरून उडी न मारता दार सोडलेल्या जागेतूनच आत जात, चपला बाहेर काढत. रेवण गवंडी एकदा भेटायला आला आणि सरळ रेघ ओलांडून उभा राहिला, तर मल्लिनाथ म्हणाले, "भिंतीतून आलास. जा, दारातून ये." रेवण गेला आणि दारातून आला. बांधकामातल्या माणसाला गिऱ्हाईकाचा हुरूप नवा नसतो.

नवव्या दिवशी भाऊसाहेब आले. मातीनं सांगितलेलं त्यांनी कचेरीच्या भाषेत उतरवलं होतं. चष्मा पुसून त्यांनी वाचलं.

"कुटुंबात आवाज नाही. राग नाही. गुपित नाही. आजारपण, रडणे, रुसणे आढळले नाही. आडोसा कोणापासून हवा ते दिसून आले नाही. सबब भिंतींची गरज नाही. शिफारस: एक ओटा, उंची दीड फूट, दोन माणसांना बसण्यापुरता. मंजूर."

मल्लिनाथांनी आयुष्यात कधी पडेल भावाला माल विकला नव्हता. ते मांडीवर हात ठेवून बसले ते बसलेच.

"ओटा?" ते म्हणाले. "राहायचं कुठं, ओट्यावर?"

"तुम्हाला चालेल असं दिसलं," माती म्हणाली. "इतकी गुणी माणसं उघड्यावरसुद्धा राहू शकतात. भिंत म्हणजे काय, शेठ? आतलं बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही उभं राहतो. तुमच्यात आतलं काही नाहीच."

गिरिजाबाईंनी चूल पुढं ओढली, कालवणाचं पातेलं तिच्यावर असं आदळलं की भाऊसाहेबांच्या हातातला कागद हलला. पण मुक्काम संपला होता, ते धरता येत नव्हतं.

"ह्याला काही वाट?" मल्लिनाथांनी विचारलं.

"फेरवानगी आहे. एकदाच मिळते. जागेवर घ्यायची, मातीसमोर, अर्धा तास. कुटुंबानं कुटुंबासारखं वागून दाखवायचं. पण त्यात नापास झालात तर माती तीन वर्षं तुमच्या दाराकडं बघत नाही. त्यापेक्षा मिळालेला ओटा घ्या, असं मी मित्र म्हणून सांगतो."

"तारीख द्या," मल्लिनाथ म्हणाले.

भोगीच्या आदल्या दिवसाची तारीख मिळाली. मधे चार दिवस होते. चंद्राक्कांना कुंभारीहून परत आणलं. त्या आल्यापासून गप्प होत्या, पण घरात कुणाला त्याचं नवल वाटायला सवड नव्हती. मल्लिनाथांनी बाजाराचा दुसरा धडा काढला: गिऱ्हाईकाला जे पाहिजे ते द्यावं. मातीला भांडण पाहिजे, तर भांडण. त्यांनी दुकानाच्या कागदावर भांडण लिहून काढलं, दोन्ही बाजूंनी, आणि गिरिजाबाईंकडून पाठ करून घेतलं. आमटीतल्या मिठावरून सुरू होऊन ते माहेरापर्यंत जात होतं.

त्या दिवशी सकाळी फक्कीच्या रेघांमध्ये पाच घमेली मांडली गेली. भाऊसाहेबांनी घड्याळ काढलं. चंद्राक्का पुढच्या खोलीच्या रेघेत एका पालथ्या टोपलीवर छत्री उघडून बसल्या.

"सुरू करा," भाऊसाहेब म्हणाले.

"गिरिजा," मल्लिनाथ म्हणाले, "आज आमटीत मीठ जास्त झालंय."

"मग आपल्या हातानं करून खायची."

"तू मला उलट बोलतेस?"

गिरिजाबाईंनी तळहाताकडं बघितलं. तिथं पुढचं वाक्य लिहिलेलं होतं, पण घामानं पुसलं होतं.

"हे पाठ केलेलं आहे," माती म्हणाली.

"वेळ चालू आहे," भाऊसाहेब म्हणाले. "पाठ केलेलं आणि न केलेलं हा भेद नियमात नाही. तो तुम्ही करायचा."

"काय चाललंय?" चंद्राक्कांनी छत्रीखालून विचारलं. ओढ्यापलीकडं धुणं धुणाऱ्या दोघी जणी वर बघू लागल्या.

गिरिजाबाई त्यांच्या कानाशी वाकल्या. "आक्का, मातीसमोर भांडायचंय. मागच्या खेपेला भांडलो नाही, म्हणून घर मिळालं नाही."

"मागल्या खेपेला? माती कवा आलती?"

मल्लिनाथांनी हातानं नको नको केलं. पण गिरिजाबाई खरं बोलायच्या भरात होत्या. "तुम्ही कुंभारीला होता तेव्हा."

चंद्राक्कांनी छत्री मिटली.

"आसं हाय व्हय," त्या म्हणाल्या, आणि ह्या वेळी आवाज लहान होता. "तितं बारसं नव्हतं, मल्ल्या. पोरीला आजून सातवाच म्हैना लागलाय. मला वाटलं मीच इसरले, वयानं तारखा चुकाया लागले. आट दिस त्येंच्या दारात बसून काडले, लाजंनं कुनाला काय सांगितलं न्हाई. आन तू मला नासका कांदा बाजूला काडावा तशी काडलीस."

"आक्का, आठच दिवसांचा प्रश्न होता."

"आन घर झाल्यावर? तवा कुटं ठेवनार हुतास? कुंभारीलाच?"

"तसं कसं होईल?"

भाऊसाहेबांनी फाईल चाळली. "अर्जात माणसं दोनच लिहिलीत," ते म्हणाले. त्यांना त्यात वाईट काही म्हणायचं नव्हतं. कागदावर होतं ते सांगितलं.

"कमी माणसं लिहिली की लवकर मंजूर होतं, असं कुणीतरी म्हणालं," मल्लिनाथ म्हणाले.

"आणखी काय काय लिहिलंय?" गिरिजाबाई म्हणाल्या. "नकाशा दाखवा, भाऊसाहेब."

मल्लिनाथांनी मधे हात घातला, पण नकाशा पोचला होता. गिरिजाबाईंनी तो उलटा-सुलटा करून जागेवर बसवला आणि रेघांवर बोट फिरवलं. दर्शनी बाजूला पूर्ण रुंदीचं दोन शटरांचं दुकान. त्याच्या मागं एक खोली.

"तुम्ही मला पुढची खोली म्हणाला होता."

"पुढचीच आहे ती. तिच्यात दुकान आहे इतकंच."

"म्हणजे मी पुन्हा मागंच."

"गिरिजा, धंदा कुठं—"

"बावीस वर्षं," गिरिजाबाई म्हणाल्या. "पहाटे डोळा उघडते तो 'दोर आहे का' ऐकून. ताटावर बसले की कुणाला केरसुणी पाहिजे. आई गेली तेव्हा तुमच्या पोत्यांमागं तोंड दाबून रडले, कारण बाहेर बोरामणीचा घाऊक व्यापारी बसला होता, आणि तुम्ही मला म्हणालात, पाच मिनिटं थांब, सौदा होतोय. थांबले मी. सौदा झाला. पण नंतर रडू आलं नाही, आजपर्यंत आलं नाही. मला एक खिडकी पाहिजे, जिच्यातून कुणी काही मागणार नाही. एवढंच पाहिजे. आणि तेवढंच सोडून सगळं काढलंय ह्या नकाशात."

"मग मी काय करू?" मल्लिनाथ म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. चढल्यावर तो त्यांना स्वतःलाच परका वाटला. "दुकान लांब टाकून घरात येऊन बसू? बसून काय बोलू? मला दोनच वाक्यं येतात. काय पाहिजे, आणि घ्या की, कमी करतो. तिसरं येत नाही. मधे काउंटर नसलं की समोरच्या माणसाकडं बघायचं कसं ते मला कळत नाही. तुझी आई गेली तेव्हा पाच मिनिटं थांब म्हणालो, ते सौद्यासाठी नव्हे. आत येऊन काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. तो व्यापारी कधीच उठला होता. मी एकटाच बसलो होतो दोर मोजत."

ओढ्यावर धुण्याचा आवाज थांबला होता. चंद्राक्कांना सगळं ऐकू गेलं नव्हतं, पण जेवढं लागायचं तेवढं गेलं असावं. त्यांनी छत्रीच्या टोकानं भाच्याच्या पायाला ढोसलं. "येड्या," त्या म्हणाल्या. "आत येऊन नुस्तं बसायचं आस्तंय."

मग मातीनं विचारलं, "उजवीकडची भिंत आक्कांची का?"

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"तिकडं दोन हात जाडी धरा," माती म्हणाली. "असा आवाज म्हणजे रेडिओ मोठा असणार, घोरणं असणार, शिवाय ही लाज आहे कुंभारीची, ती बरेच दिवस राहील. मधली भिंत दीड हात. तिच्यात राग मुरायला वेळ लागेल, तेव्हा भुसा जास्त घाला. पुढच्या भिंतीत खिडकी."

"आणि दुकान?" मल्लिनाथांनी विचारलं.

"पांढरी दुकान होत नाही."

मल्लिनाथांचे डोळे ओले होते, पण तोंडानं आपलं काम सोडलं नाही. "माय, पूर्ण दुकान नको म्हणतो मी. बाहेरच्या अंगाला थोडी जागा, टोपल्या मांडण्यापुरती. तुमचंही राहील, माझंही राहील."

"ओटा आधीच मंजूर आहे," भाऊसाहेब म्हणाले. "पहिला आदेश रद्द झालेला नाही. ह्याला जोडून टाकतो. फक्त दोन माणसांपुरताच आहे. तिसऱ्याला उभं राहावं लागेल."

"गिऱ्हाईक उभंच असतं," मल्लिनाथ म्हणाले, आणि सही केली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी काम लागलं. माती तशी स्वतः चालून येते, पण खाणीपासून जागेपर्यंत तिला महिना लागला असता, म्हणून रेवणनं गाढवं लावली. चिखल तुडवायला मजूर परवडत नव्हते. तिघांनी पायांनी तुडवला, चंद्राक्कांनीही, गिरिजाबाईंच्या खांद्याला धरून. भुसा, शेण, हिरड्याचं पाणी पडत गेलं. पहिला थर बसला तेव्हा मल्लिनाथ सकाळ-दुपार-संध्याकाळ त्याला हात लावून बघायला जात, नवा माल आल्यासारखे, आणि थर म्हणे, "शेठ, अजून ओली आहे मी, सकाळी या." वस्तीतली माणसं काम बघायला येत आणि घमेलं उचलून जात. दुसऱ्या थराला कडाक्याचं भांडण झालं, दार उजवीकडं उघडायचं की डावीकडं. रेवण हात धुऊन बिडी ओढत बसून राहिला. मातीनं त्याला सांगितलं होतं, की भांडण चालू असताना रचू नकोस, आधी मला नीट ऐकू दे. तो थर सगळ्यांत पक्का बसला.

खिडकीची वेळ आली तेव्हा रेवणनं माप विचारलं. गिरिजाबाई भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी कोपर टेकवलं. कोपर टेकलं तिथं चौकट बसली.

पाडव्याच्या दोन दिवस आधी कौलं चढली. गुढी नव्या दाराशी उभारली. दुकानाचा माल ओट्यावर आला; जागा कमी पडली म्हणून सुपं झाडाला टांगली. खिडकीकडं वळलेल्या गिऱ्हाइकाला मल्लिनाथ बोटानं ओटा दाखवत.

वैशाखात भाऊसाहेब शेवटच्या तपासणीला आले. जाडी मोजली, कोपऱ्यांना ओळंबा लावला, गिरिजाबाईंनी दिलेलं पन्हं घेतलं. एक दिवस दुपारी खिडकी लावून घेऊन आपण दोन तास रडलो, असं भाऊसाहेबांनी न विचारताच त्या सांगून गेल्या. "बाहेर आलं नाही ना काही?" भाऊसाहेबांनी विचारलं. "नाही," त्या म्हणाल्या. भाऊसाहेबांनी फाईलमध्ये तशी खूण केली.

मग रीतीप्रमाणे घरच्यांना बाहेर बसवून ते मधल्या भिंतीसमोर उभे राहिले. फाईलचं शेवटचं पान उघडलं.

"कुटुंबाविषयी काही तक्रार?"

"आक्का घोरायच्या थांबल्या की आम्हाला जाग येते," भिंत म्हणाली.

"अजून?"

"शेठ दुपारी ओट्यावरचं उठून आत येतात. बाई भाजी निवडत असतात, त्यांच्याशेजारी बसतात. अर्धा-पाऊण तास. बोलत काहीच नाहीत. मग जातात."

भाऊसाहेबांनी पेन थांबवलं. "ही तक्रार आहे की नोंद?"

भिंतीनं विचार केला. तिला तशी घाई नव्हती.

"नोंद," ती म्हणाली.

भाऊसाहेबांनी नोंदीच्या रकान्यात ते लिहिलं आणि पुढं कुंभारीला गेले. तिथं एका विहिरीनं नवं कुटुंब मागितलं होतं.